मितूची खुर्ची

बायको इंदूबाई वारल्यापासून डोमाजींना घरात करमत नसे. त्या दिवशीही ते बोरी अरबच्या बसथांब्यावर येऊन बसले होते. शेजारी दोन जावा बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे पट्टा लावलेली एक लहान लाकडी खुर्ची होती.

"उर्वशी, काहून परत करून राह्यली? दारव्ह्याच्या मिस्तरीनं मितूच्या मापानं बनवली न!"

"पट्टा रुतते तिले, जाऊबाई."

"पट्टा तर तुह्याच जुन्या लुगड्याचा आहे, कापसावानी मऊ!"

"मंग पाठ दुखत असन."

"सहा वर्षांत पोरगी पहिल्यांदा सरळ बसली. दिवसभर खुर्चीतून कोंबड्या हाकलते. कोठं दुखते?"

"चार दिवस झाले, मले हाक नाही मारली तिनं."

"अवो, मंग चांगलंच झालं न!"

"तेच तर समजत नाही. सहा वर्षं कडेवर होती. आज सकाळी उचलाले वाकली, त खुर्चीकडं बोट दाखवते. मी काय करू आता?"

"बाई," डोमाजी मध्येच बोलले, "पोरगी घरीच आहे न?"

"हो बाबा, आजीजवळ."

"घरी गेल्यावर दिसन न? मले त घरी कोणीच दिसत नाही."

उर्वशीनं खुर्ची जवळ ओढली. दारव्ह्याची गाडी आली आणि गेली.

"मंग खुर्ची घरी नेऊ का?" तिनं विचारलं. जावेला की डोमाजींना, हे त्यांना कळेना.