न टांगलेला कोट

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या बंदराचे कप्तान गॅरफील्ड ऊरनसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या नगरसेविका रोवेना टॉयबाई, आजचे सत्कारमूर्ती आणि पोलगॅरिक मच्छीमार संघटनेचे इतक्या वर्षांचे अध्यक्ष श्री. हेडली रोझविअर, त्यांच्या पत्नी विनिफ्रेड, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, शेगडीच्या बाजूच्या आणि खिडकीच्या बाजूच्याही, सर्वांना माझा नमस्कार.

नगरसेविकाबाई आपल्याकडे नव्या आहेत, म्हणून सांगते. या सभागृहात माणसं रिकामी खुर्ची बघून बसत नाहीत. युरोपच्या संघात राहावं असं ज्यांचं मत होतं ते शेगडीपाशी बसतात, बाहेर पडावं म्हणणारे खिडकीपाशी. मतदान होऊन इतकी वर्षं झाली, मुलं मोठी झाली, खुर्च्या मात्र तिथंच आहेत. माझे यजमान पेट्रॉक शेगडीपाशी बसलेत. मी एरवी खिडकीपाशी असते. हिवाळ्यात त्यांच्या मतात जास्त ऊब असते, असं ते मला सांगतात.

हे भाषण करायचं संघटनेनं मला सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. ती गोष्ट वसंतातली. आज सकाळी ऊरनसाहेब दारात आले आणि म्हणाले, "लव्हडे, बोलशील ना? की मीच दोन शब्द बोलून टाकू?" मी म्हटलं, साहेब, दोन शब्द तुम्ही बोला, उरलेले मी बोलते. चॅपलचं सभागृह आहे, इथं प्यायला चहापलीकडे काही मिळत नाही, तेव्हा निदान सगळे शुद्धीवर ऐकतील.

सत्काराचं भाषण म्हटलं की आधी गुण सांगायचे असतात. ते मी सांगणार, कारण ते खरे आहेत. भर वादळात क्लेमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा हाकेची वाट न बघता बाहेर पडलेला माणूस म्हणजे हेडली. क्लेम, हसू नकोस, तुझ्या आईनं त्या दिवशी तुझ्या नावानं केक करून चॅपलला वाटला होता. आणि माझी मुलगी केरेन्झा शाळा संपल्यावर समुद्रावर जाते म्हणाली, तेव्हा तिला बोटीवर घेणारा या बंदरात एकच माणूस निघाला. बाकीचे म्हणत होते, पोरीचं काम आहे का ते? हेडली म्हणाले, "पिंजरे ओढायला हात लागतात, मिशा लागत नाहीत." मी त्या दिवशी घरी येऊन रडले होते. भीतीनं नाही, उपकारानं.

तेव्हापासून ती हेडलींच्या 'विनिफ्रेड' बोटीवर आहे. खेकडे, शेवंड, पिंजरे, दोर, इंजिन, सगळं तिला हेडलींनीच शिकवलं. आणि बंदरावरच्या चहाच्या दुकानात, तुमच्यापैकी निम्मे तरी हजर होते, हेडली तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "मी थांबेन तेव्हा कोट हीच उतरवेल."

आता कोटाचं सांगायला हवं. आपल्याकडे कुणाला बोट विकायची असली की तो पाटी लावत नाही, जाहिरात देत नाही. तो आपला बोटीवरचा पिवळा कोट बर्फघराच्या दारावरच्या खिळ्याला टांगतो आणि घरी जातो. पंधरवडाभर कोट तिथं राहतो. बंदरातल्या ज्याला बोट हवी असेल त्यानं तो उतरवायचा, अंगात घालायचा आणि विकणाऱ्याच्या दारात जायचं. मग चहा, मग बोलणी. पंधरवडा उलटला, कोट कुणी उतरवला नाही, तरच बाहेरच्या माणसाशी बोलायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरज कधी पडली नाही.

थोरल्या टोबायसनं कोट टांगला होता तेव्हाची गंमत आठवते ना? सुट्टीला आलेल्या एका गृहस्थाला पावसानं गाठलं. त्याला वाटलं, काय भला गाव, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी कोट ठेवलाय. घातला अंगात. पाऊस थांबल्यावर विचारत विचारत परत द्यायला गेला, तर टोबायसच्या बायकोनं त्याला आत बसवलं, केशराचे बन दिले, आणि तासाभरानं विचारलं, "मग, आमच्या मोठ्या मुलाला बरोबर नेणार की एकटेच जाणार समुद्रावर?" बिचारा बँकेत कारकून होता. हसा, हसा. पुढचं तेवढं हसण्यासारखं नाही.

मतदानाच्या वर्षी याच सभागृहात सभा झाली होती. हेडली इथंच, मी उभी आहे तिथं उभे होते. बाहेरून आलेले वक्ते आकडे सांगून गेले, ते कुणाला आठवत नाहीत. हेडलींनी आकडे सांगितले नाहीत. ते म्हणाले, "बर्फघराच्या खिळ्याला टांगलेल्या कोटाचा अर्थ तिकडे ब्रसेल्समध्ये बसलेल्या एकाला तरी कळतो का? आपल्या समुद्राचे परवाने कुणीही परका येऊन विकत घेतो आणि आपण बघत बसतो. आपलं राज्य आपल्या हातात येऊ द्या, मग कोट टांगला की तो आपल्याच माणसाच्या अंगावर जाईल."

मला ते पटलं. मी तेव्हा बाहेरच्या बाजूनं मत दिलं आणि आज मी त्याची माफी मागायला उभी राहिलेली नाही. शेगडीपाशी कुणी माना डोलावत असेल तर त्यांनी थांबावं. आमच्या घराला दोन खिडक्या आहेत. एकीत पेट्रॉकची 'राहूया'ची पाटी होती, दुसरीत माझी 'निघूया'ची. पोस्टमन म्हणायचा, "पत्र नक्की कोणत्या देशात टाकू?"

पेट्रॉक खेकड्यांचा ट्रक चालवत होते. जिवंत माल, रातोरात फेरीबोटीनं फ्रान्सला. ते मला जेवताना सांगायचे, "लव्हडे, आपण पकडतो ते आपण खात नाही. आणि खातो ते पकडत नाही. खाणारा पलीकडे आहे गं." मी म्हणायचे, खाणारा कुठे जात नाही, भूक लागली की येईल. आज ताटात तळलेला मासा आहे ना, तो नॉर्वेचा आहे. स्वयंपाकघरातल्या बायकांनी मला आत्ताच सांगितलं.

आपण बाहेर पडलो. मग प्रत्येक खेपेला पशुवैद्याचा दाखला, तपासणी, रांग. पहिल्याच हिवाळ्यात एक अख्खा ट्रकभर माल रांगेत उभ्या उभ्या मेला. पेट्रॉकनी तो परत आणला आणि बंदरावर उघडला. त्यांनी मला "बघ, सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. नंतर त्यांनी ट्रक विकला.

या सभागृहात त्यावरून किती भांडणं झाली ते मी नव्यानं सांगत नाही. शेगडीवाले म्हणाले, हे होणारच होतं. खिडकीवाले म्हणाले, बाहेर पडण्यात चूक नव्हती, राजधानीतल्या लोकांनी करार करताना आपल्याला विकलं. माशांचा कबूल केलेला वाटा दिला नाही, किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आतून परक्या बोटी हटल्या नाहीत. मीही तेच म्हणत होते. सगळ्यात जोरात म्हणत होते. क्लेमनं एकदा माझ्यावर चहाचा कप आपटला होता. माझ्यावर म्हणजे टेबलावर. आणि तेव्हा मध्ये उभे राहिले हेडली. म्हणाले, "फसवणारे तिकडे आहेत. आपण आपसात कशाला?" किती बरं वाटलं होतं मला.

मागच्या महिन्यात, एका मंगळवारी, केरेन्झा 'विनिफ्रेड'चा डेक घासत होती. चकचकीत बुटांचे दोघेजण धक्क्यावरून खाली वाकले. एकानं अगदी अदबीनं विचारलं, "ताई, आधीच्या मालकाची माणसं आपलं सामान कधी नेणार आहेत?"

तिला वाटलं, चुकीची बोट असेल. तिनं बोटीचं नाव दाखवलं. ते म्हणाले, हीच. समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका कंपनीनं घेतलीय. इथल्या शहरात त्यांची एक खोली आहे, दारावर पाटी आहे, म्हणजे कायद्यानं ती कंपनी इथलीच. बोट मोठ्या बंदरात जाणार आणि माल थेट पलीकडे उतरणार. बोटीचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना बोटीबरोबर येणारा मासेमारीचा परवाना हवा होता.

केरेन्झानं त्यांना चहा विचारला. ती तशीच आहे. मग घरी आली आणि बूट न काढता स्वयंपाकघरात बसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "आई, कोट टांगला होता का गं? माझ्या नजरेतून सुटला का?"

गावकऱ्यांनो, ही मुलगी रोज पहाटे बर्फघरावरून जाते. तिच्या नजरेतून तो सुटला असता का? तरीही तिनं आधी स्वतःवरच शंका घेतली. हेडलींवर घेतली नाही.

मी हेडलींच्या घरी गेले. विनी, तू दार उघडलंस, तुझ्या डोळ्यांत मला दिसलं की तुलाही हे आधी सांगितलं नव्हतं. हेडली म्हणाले, "लव्हडे, अगं, हा व्यवहार आहे. ते राजकारण होतं. दोन्ही वेगळं असतं." मी म्हटलं, केरेन्झानं कर्जासाठी बँकेशी बोलून ठेवलंय, तुम्हाला ठाऊक होतं. म्हणाले, "तिला जमलं नसतं. मी तिला लाजेतून वाचवलं." मग म्हणाले, "मलाही फसवलंच की त्यांनी. माझे गुडघे गेले, हाती काय लागलं?"

हेडली, गुडघे गेले हे खरं. फसवलं हेही खरं. पण राजधानीतल्या लोकांनी मला फसवलं, तेव्हा मला राग आला होता. फक्त राग. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, माझ्या मुलीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तू तिला रोज पहाटे पाहत होतास. तिच्या डब्यातली सारण भरलेली पेस्टी अर्धी तू खायचास. आणि सौदा ठरल्यावरही तू खात होतास, ते मला झोपू देत नाही.

कोण बोललं? अध्यक्षसाहेब, बोलू द्या त्याला. डेन्झिल, उभा राहून बोल. "कायद्यानं काही चूक केलेली नाही," म्हणतो डेन्झिल. बरोबर आहे, बाबा. मी कायद्याचं म्हणतच नाहीये. आणि शेगडीकडून आत्ता "आमचं ऐकायला हवं होतं" असं जे आलं, त्यांनाही सांगते. तुमचं ऐकलं असतं तरी ही बोट विकता आलीच असती. तेव्हाही परवाने असेच जात होते, त्याच कारणासाठी तर मी मत दिलं. तेव्हा आजची संध्याकाळ तुम्ही आपल्या खात्यावर मांडू नका.

हेडली, मला एकच विचारायचंय. सत्काराच्या सभेत सत्कारमूर्तीला प्रश्न विचारू नयेत, मला कळतं. आजवर या बंदरात काहीही बिघडलं की ज्याच्याकडे बोट दाखवावं असं कुणीतरी होतं. आधी ब्रसेल्स होतं, नंतर राजधानी. हा कोट तुम्ही टांगला नाहीत, तेव्हा तुमचा हात कुणी धरला होता का?

मागच्यांना ऐकू गेलं नसेल. हेडली म्हणाले, "नाही."

आभारी आहे. खरं बोललात, तेवढं मी आज घरी नेईन.

आता संघटनेच्या वतीनं हा वायुभारमापक मी त्यांना देते. पितळेचा आहे. वर्गणी सर्वांनी मिळून दिलीय, केरेन्झानंसुद्धा, आणि ती परत घ्यायला तिनं नकार दिला. घ्या, दोन्ही हातांनी धरा, जड आहे.

सभागृह दिल्याबद्दल चॅपलचे, चहा आणि मासा करणाऱ्या भगिनींचे, आणि मला मध्येच न थांबवल्याबद्दल अध्यक्षांचे मी आभार मानते. नगरसेविकाबाई, पहिल्याच भेटीत आमची धुणी तुम्हाला बघावी लागली, राग मानू नका. माझ्या बोलण्यात कुठं तोल गेला असेल, जिथं तुम्ही म्हणायचं तिथं तू म्हटलं गेलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. ती माफी माझ्यासाठी आहे. दुसऱ्या कुणासाठी मी मागत नाही.

आणि मला आता निघायला हवं. कंपनीनं बोट उद्या हलवायची ठरवलीय. केरेन्झा या घडीला धक्क्यावर आहे, आपलं सामान उतरवतेय. तिचे स्वतःचे पिंजरे आहेत, दोर आहेत, एकटीला ते शिडीवरून वर येणार नाहीत. कुणाला यायचं असेल तर या. कुठल्या खुर्चीवरून उठलात, हे ती विचारणार नाही.

पेट्रॉक, माझा कोट घ्या. क्लेम, तूही? चल. डेन्झिल, सावकाश, खुर्ची पडेल.

नाही, हेडली. तुम्ही उठू नका. समारंभ तुमचा आहे.