सेलिना मावशीचं अप्रेझल

…आणि वर हा माणूस, आमचा प्रोफेसर, फोन करून मलाच विचारतो, "ब्रायन, तुला राग का आला?" राग का आला? अहो, राग येणार नाही तर काय येणार, ढेकर? तुम्हाला सांगतो, मी युनिव्हर्सिटीत हे एच.आर.डी. शिकायला गेलो तेव्हाच मम्मी म्हणाली होती, "माणसांचा विकास शिकायला कॉलेज कशाला रे, घरात माणसं कमी आहेत का?" ऐकलं नाही. वाट लागली!

आमचे हे नंदकुमार सर. त्यांचं एकच तुणतुणं, "टीम कितीही चांगली असू दे, कोणीतरी नापास झालंच पाहिजे!" का? तर म्हणे, कंपन्यांत तसंच असतं. प्रोजेक्ट काय, तर काम करणारी खरी टीम शोधा, प्रत्येकाला ग्रेड द्या आणि ती त्यांना तोंडावर सांगा, सरांसमोर. आता मरोळच्या गावठाणात मी टीम आणू कुठून? मे महिना, दारात मिरच्या वाळतायत, बाटल्यांत ठासून भरायचा आमचा वर्षाचा बॉटल मसाला चाललाय… म्हटलं, हीच टीम! मम्मी मिरच्या भाजते, शेजारची एथेल आंटी उखळात कांडते, माझी बहीण रूथ चाळते, आणि मम्मीची थोरली बहीण सेलिना मावशी खुर्चीत बसून नुसती ओरडते, "करपली गं बाये, करपली!" पण मसाला तिचा, बाटल्या तिच्या, घरोघर वाटणार पण तीच. मी चौघींना ए दिला. सरांनी कागद अंगावर फेकला. "सगळ्या पास? अरे, कोणीतरी नापास झालंच पाहिजे!" मग काय, मम्मीला नापास करू? जेवायचंय ना मला! दिला मावशीला डी.

आणि डी सांगायची पण रीत आहे, ऐका. आधी गोड, मग कडू, मग परत गोड. सर आमच्या अंगणात बसून मम्मीने तळलेले गरम गरम फुगे, म्हणजे आमचे गोल गोल गोडसर पाव, खातायत आणि मला डोळ्यांनी खुणावतायत, बोल, बोल… मी म्हटलं, "मावशी, तुझा फ्रॉक झकास आहे. तू काही काम करत नाहीस. चपला पण छान आहेत."

उखळ थांबलं.

मावशी उठली. बाप्तिस्म्याला जिने मला हातात धरलं ती मावशी! "मी काम करत नाय? कोणी शिकवलं रे तुला हे?" मी सरांकडे बघितलं. आणि हा माणूस तोंडात फुगा धरून म्हणतो काय, "मॅडम, ग्रेड त्यानेच ठरवली. मी फक्त निरीक्षक." निरीक्षक! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

तेव्हापासून मावशी बोलत नाही. चर्चमध्ये मी बसलो की बाक बदलते. हसू नका, मला खरंच वाईट वाटतंय. वर्गात सांगतात, माणूस ही संपत्ती आहे… अहो, माझी तीच गेली ना!

काल मावशीने मसाल्याच्या बाटल्या वाटल्या. एथेल आंटीला भरलेली बाटली. मम्मीला भरलेली, पण अट घालून, या पोराच्या ताटात चिमूट पडता कामा नये. सरांना, हो, सरांना सुद्धा भरलेली, कारण ते पाहुणे! कोणीतरी नापास झालंच पाहिजे ना? मला तिने आपल्या दारातच उभं केलं, हातात बाटली ठेवली. रिकामी. आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली,

"ब्रायन, बाटली स्वच्छ धुतलीय. मसाला नाय. बूच नवीन आहे."

घरी येऊन बघितलं. बूच खरंच नवीन आहे हो.