फॉरमॅट करू का?

द्वारका चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात निवृत्तीकाका आपला नंबर येईपर्यंत पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. पण पुढच्या बाईंचं बोलणं कानांवर पडतच होतं.

“दादा, ही आमच्या ह्यांची हार्ड डिस्क. नव्या लॅपटॉपला लावली की विचारतो, फॉरमॅट करू का?”

“तुम्ही ‘हो’ दाबलं का, मावशी? सगळं पुसलं जातं.”

“पोरगा म्हणाला, दाबून टाक. मी नाही दाबलं. रोज लावते, रोज लॅपटॉप विचारतो, रोज मी ‘नाही’ म्हणते.”

“बरं केलंत. जुन्या सिस्टीमची फायली ठेवायची पद्धत नव्याला कळत नाही. त्याला वाटतं, डिस्क कोरीच आहे.”

“कोरी कशी? ह्यांच्या आवाजातलं बुद्धवंदनेचं त्रिशरण आहे त्यात. एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत वंदना हेच घ्यायचे. रविवारी त्यांना जाऊन वर्ष होतंय, पुण्यानुमोदन आहे.”

“थांबा, माझ्या जुन्या मशीनला जोडतो... उघडली बघा. हीच का फाइल?”

“हीच. लावा.”

पहिली ओळ झाली आणि आवाज थांबला.

“अडकली वाटतं, मावशी. फाइल खराब झालीय.”

“नाही हो. आपण मागून म्हणावं म्हणून थांबलेत ते.”

बाईंनी हात जोडले, पण पहिल्याच शब्दावर त्या अडल्या. तेवढ्यात दुसरी ओळ आली. पुन्हा आवाज थांबला. बाईंना म्हणवेना.

निवृत्तीकाकांनी चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि ती ओळ मागून म्हटली.