मोहोळच्या डॉक्टरांचं नाव

सोलापुरातल्या लॅबच्या खिडकीशी विजयमाला पदराआड तपासणीचा फॉर्म धरून उभी होती. आत संघपाल आणि कीर्ती लिनक्सच्या कॉम्प्युटरवर वाकले होते.

“सर, नको त्या तीन सर्व्हिस बंद केल्या,” कीर्तीनं सांगितलं. “फाइल शेअरिंगची राहिली.”

“ती मोहोळच्या डॉक्टरांना घरून रिपोर्ट बघायला दिलेली.”

“ते वारून दोन वर्षं झाली की!”

“व्हय. पण त्यांचं नाव पुसायला हातच धजंना.”

“मग त्यांच्या नावानं आत्ता आत कोण शिरलंय?”

“काय करतंय ते?”

“पेशंटच्या फायली उघडतंय. एकेक करून.”

“नेटची वायर काढ! आधी वायर काढ!”

घाम पुसत संघपाल खिडकीकडं वळला. “बोला ताई, नाव काय?”

विजयमालानं फॉर्म मुठीत चुरगाळला.

“न्हाय, मी नुसती पाणी प्यायला आलते.”