दुसरी परीक्षा

दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले आजोबा समोरच्या दोघींचं बोलणं ऐकता ऐकता आपली दाढदुखी विसरले.

"अगंबाई, तुम्ही इथे? माझी लेक तर बागेत तुमची वाट बघतेय!"

"माझी? कशाला?"

"तुम्हीच नाही का बोलावलंत, दुसऱ्या परीक्षेचं बक्षीस द्यायला?"

"दुसरी कुठली? मी खोट्या नावानं मुलींशी ऑनलाइन मैत्री केली ती एकदाच, अनोळखी माणसं कशी फसवतात ते दाखवायला. मग वर्गात खरं सांगून टाकलं."

"त्यानंतर ऑनलाइन आणखी एक नवी मैत्रीण आली ना! लेक म्हणते, मी लगेच ओळखलं, या बाईच. स्वतःचे फोटोसुद्धा पाठवले लेकीनं तिला."

"अहो, ती मी नव्हे! आधी फोन लावा. स्पीकरवर टाका."

बराच वेळ रिंग वाजली.

"बाळा, तू बागेतून बाहेर नीघ! कुणाबरोबर जाऊ नकोस!"

"म्हणजे परीक्षा अजून चालूच आहे तर!"

"अगं, मी बाई बोलतेय. तुझ्या आईजवळच आहे मी."

पलीकडे पोरगी खुदकन हसली.

"आवाज कुणाचाही काढता येतो, हे बाईंनीच शिकवलंय मला. मी नाही फसणार! चला, ठेवते, बाईंची गाडी आली."