परिहार

हुमनाबादच्या स्टँडवर मी गुलबर्ग्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर पीएच.डी. करणारी एक पोरगी एका बाईला आणि तिच्या शेजाऱ्याला प्रश्न विचारत होती.

"कोंडाअक्का, मुलाच्या खुनानंतर सरकारनं परिहार दिला. त्याबद्दल काय वाटतं?"

"ह्या सिद्धरामला इचार. खून त्यानं डोळ्यानं बघितलाय. आज कोर्टात त्येची साक्ष हाय."

"काय वाटायचंय? परिहार झाला, दोष मिटला. सारं गाव हेच म्हणायलंय."

"म्हणजे गाव समाधानी आहे, असं लिहू?"

"थांब गं. सिद्धराम, ज्येचा दोष त्येनं परिहार करायचा असतो न्हव? खून रस्त्याची कामं घेणाऱ्या गुत्तेदाराच्या पोरानं केला. मग परिहार माझ्या दारात कामून आला?"

"कोंडाअक्का, कन्नडमध्ये भरपाईलाच परिहार म्हणतात."

"ठावं हाय. ह्येला ठावं न्हाई. गुत्तेदाराच्या टिप्परवर कामाला जायलाय ना आता."

"अक्का, पोटाचं बघावं लागतंय. मी काय बघितलंच न्हाई, असं कोर्टात म्हणणार हाय."

"लिही बाई. पोरगं माझं गेलं, डोळे ह्येचे गेले. ह्येलाबी परिहार द्या म्हणावं."

"गाडी लागली, अक्का."

"हात दे सिद्धराम. पायरी दिसायची न्हाई तुला."