तात्पुरता पाय

नाही, कडाडून वगैरे नाही — म्हाताऱ्यानं घसा खाकरावा, एवढाच आवाज. एकावन्न वर्षं झाली, अजून कानात आहे. झाड पडताना आभाळ फाटल्यासारखं वाजतं असं लोकांना वाटतं, ते जमिनीवर आल्यावर. त्याआधी ते नुसतं खाकरतं. मी वर बघितलं, म्हटलं कोण आलं — तर मेपलचं झाड, थेट पायावर. पायाचं विचारलंस म्हणून सांगितलं. तो मागच्या सीटवर बघ, बूट घालून बसलाय, माझा लाकडी. आहे प्लॅस्टिकचाच, पण लाकूडतोड्याला लाकडी म्हणायला बरं वाटतं. गाडीत काढून ठेवतो, चावतो मेला.

हां, परवाना. गाडीत बसून हरणावर बंदूक चालवायचा — ज्यांना चालता येत नाही त्यांना देता तुम्ही शिकार-खात्याचे वॉर्डन लोक. तारीख गेलीय, दिसतंय मला. त्याचं असं झालं, दवाखान्यात नवी पोरगी आली, विस्कॉन्सिनची. तिनं फॉर्मवर ‘कायमचं अपंगत्व’ सोडून ‘तात्पुरतं’वर खूण केली. म्हणजे सहा महिन्यांत पाय उगवणार. तेव्हापासून आमची बायको, आइली, रोज सकाळी माझं पांघरूण उचलून बघते — रेइनो, अजून कोंब नाही रे, पाणी घालू का? मी फोन केला दवाखान्यात. पोरगी म्हणाली, स्वतः येऊन दाखवा. काय दाखवू — नाही ते? हसलास तरी चालेल. तुझा आजा हाइकी हसला असता. तो वॉर्डनला बघून हसायचा नाही म्हणा, पळायचा.

बंदूक भरलेली आहे, हो. हात थंडीनं थरथरतात — बरं, थंडीनं नाही. दोन वर्षं झाली. पण नेम आहे अजून. गेल्या साली आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला, याच खिडकीतून, ऐंशी पावलांवर. नळी आइली धरते, तिनं खालून हात लावला की स्थिर राहते. नुसता हात. चापावर बोट माझंच — म्हणजे माझं खाली, तिचं वर. गेल्या साली माझं जरा बाजूला होतं. बाजूला म्हणजे, मांडीवर होतं. पाडलेल्या हरणाला परवान्याची चिठ्ठी माझ्या नावाची बांधली, दुसऱ्या कुणाची बांधणार, तिच्याकडे परवाना कुठाय — हे मी तुला कशाला सांगतोय?

थांब. लिहायचं तर लिही, पण ऐक. ती झाडीत गेलीय, आडोशाला, येईलच इतक्यात. वर्षभर ती मला उठवते, आंघोळ घालते, शर्टाची बटणं लावते. आणि बोलते कशी — हळू, गोड, आजाऱ्याशी बोलतात तशी. मला ते ऐकवत नाही. पण नोव्हेंबरचे हे शिकारीचे पंधरा दिवस, या गाडीत, ती म्हणते, हलू नको रे गाढवा, हरीण येतंय. लग्नाआधी म्हणायची तशी. गाढवा. हरीण नाही मिळालं तरी चालेल, पोरा. बंदूक ने, दंड कर. पण गाडीत बसायचं बंद केलंत तर वर्षभर मी नुसता आजारीच की.

ती बघ, नारिंगी टोपी. तिच्यासमोर काढू नकोस विषय, तिला वाटेल तिच्यामुळे गेला परवाना.

कार्ड परत काय देतोस? तारीख गेलीय त्याची, सांगितलं ना मी. — दंड किती, ते तरी बोल. — अरे, काही न लिहिताच निघालास? तिकडून नको जाऊस, तिकडून वारा आहे, हरणांना वास लागेल तुझा. खालून जा, नाल्याच्या कडेनं, वाकून.

हां. तस्सा.